बॉल हातात नाही, तरी पहिला नंबर!

अमेरिकन फुटबॉल मी बघायला लागले ती क्वार्टरबॅकसाठी. कॅमेरा त्याच्यावरच असतो ना! पण त्याच्यावर धावून येणाऱ्यांना अंगावर घेणारे पाच धिप्पाड गडी समोर उभे असतात, त्यांचं काय? हे ऑफेन्सिव्ह लाइनमन. यांचं नाव घेतलं जातं ते बहुतेक वेळा चूक झाली की. ऑफिसात असा एक तरी जण असतोच.

२०१३च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये मात्र पहिल्या चारांत तीन जण टॅकल, म्हणजे या भिंतीच्या दोन टोकांना उभे राहणारे. कॅन्सस सिटीनं एरिक फिशरला पहिलं उचललं, जॅक्सनव्हिलनं ल्यूक जोकलला दुसरं. चौथा लेन जॉन्सन, फिलाडेल्फियाकडे. हा पठ्ठ्या आधी क्वार्टरबॅक होता, टॅकल म्हणून अनुभव जेमतेम दोन सीझनचा!

पुढे काय झालं? जोकल चार सीझननंतर जॅक्सनव्हिलमधून बाहेर पडला. फिशरनं २०२०मध्ये सुपर बोल जिंकला. जॉन्सननं दोन, २०१८ आणि २०२५मध्ये. आणि २०१८ला त्याच्यासोबत लाइनमध्ये कोण होता? जेसन केल्सी, २०११च्या ड्राफ्टमध्ये चक्क १९१वा!

उंची, वजन, हातांची लांबी, ४० यार्डांचा वेग, सगळं मोजता येतं. पण एकदा मार खाल्ल्यावर पुढच्या प्लेला डोकं शांत ठेवणं? शेजारच्याची चूक न बोलता सांभाळून घेणं? त्याला टेप लावता येत नाही.

अप्रेझल जवळ आलंय? मग तुमच्या टीममधल्या केल्सीचं नाव बॉससमोर एकदा घ्याच. चूक व्हायच्या आधी.