विश्लेषण : चर्चगेटचे ‘चर्च’ नेमके कुठे आहे?

मंत्रालयातल्या कामासाठी मुंबईला जाणाऱ्या चिखली-बुलढाण्याच्या माणसाला चर्चगेट हे नाव पाठ असते. पण स्टेशनबाहेर पडल्यावर आसपास ना चर्च दिसते, ना गेट. मग हे नाव आले कुठून? याचे उत्तर स्टेशनपासून साधारण एक किलोमीटरवर, हॉर्निमन सर्कलजवळ उभे आहे. ते म्हणजे सेंट थॉमस कॅथीड्रल, तीनशे वर्षे जुने इंग्रजी चर्च.

गेट कुठे गेले?

अठराव्या शतकात इंग्रजांची मुंबई तटबंदीच्या आत होती. गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या काळात उभ्या राहिलेल्या या तटाला तीन मुख्य दरवाजे होते : अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे चर्च गेट. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी तट पाडायला लावला आणि दरवाजेही गेले. चर्च गेट होते साधारण त्याच जागी आज हुतात्मा चौकातले फ्लोरा फाउंटन आहे. दरवाजा गेला तरी नाव लोकांच्या तोंडी राहिले. १८७० मध्ये सुरू झालेल्या रेल्वे स्टेशनलाही तेच मिळाले.

पाया ते उद्घाटन : ४२ वर्षे का लागली?

ईस्ट इंडिया कंपनीचे गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांनी १६७६ मध्ये या चर्चचा पाया घातला. पुढच्याच वर्षी सुरतेत त्यांचा मृत्यू झाला आणि काम थांबले. त्यानंतरचा काळ मुंबईसाठी धामधुमीचा होता. कंपनीच्या फौजेत बंड झाले, साथी आल्या, १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने बेटावर हल्ला केला. चर्चच्या अर्धवट भिंती छपराविना तशाच उभ्या राहिल्या.

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब हे धर्मगुरू मुंबईत आले. त्यांनी कंपनीच्या लोकांना या अर्धवट कामाची जाणीव करून दिली, वर्गणी गोळा केली आणि बांधकाम पुन्हा सुरू केले. २५ डिसेंबर १७१८ रोजी, नाताळच्या दिवशी, चर्च खुले झाले.

पॅरिश चर्च म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये प्रत्येक वस्तीचे एक चर्च ठरलेले असे. त्या वस्तीला पॅरिश म्हणतात. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी १५३८ पासून याच चर्चमध्ये ठेवल्या जात. म्हणजे देऊळ आणि जन्म-मृत्यू नोंदीचे कार्यालय एकत्रच म्हणा ना! मुंबईतले हे चर्चही इंग्रज वस्तीसाठी तेच काम करत होते. वस्तीतली उतरंडही त्यात होती. सुरुवातीच्या काळात बसण्याच्या जागा हुद्द्याप्रमाणे ठरत.

१८१६ मध्ये कलकत्त्याच्या बिशपांनी चर्चला संत थॉमस यांचे नाव दिले. १८३७ मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाले आणि हे वस्तीचे चर्च ‘कॅथीड्रल’, म्हणजे बिशपांचे मुख्य चर्च झाले.

इमारत कशी पाहावी?

लोणारचे दैत्यसुदन मंदिर पाहिलेल्यांना रचना समजायला सोपी आहे. मंदिरात सभामंडपातून गाभाऱ्याकडे जातो, तसे इथे भाविक ‘नेव्ह’ या लांब दालनात बसतात. त्याच्या पूर्व टोकाला ‘चॅन्सेल’ हा वेदीचा भाग असतो. फरक एवढाच की गाभारा अंधारा आणि लहान असतो, तर चॅन्सेलमध्ये रंगीत काचांच्या उंच खिडक्यांतून उजेड येतो.

बाहेरून पाहिले तर वेगवेगळे काळ ओळखू येतात. नेव्हच्या जाड, साध्या भिंती सर्वांत जुन्या, किल्ल्याच्या काळातल्या. घड्याळाचा उंच मनोरा १८३८ चा. चॅन्सेलचा आजचा गॉथिक अवतार १८६०च्या दशकातल्या फेरबदलाचा. बाहेरचे कारंजे पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून झाले. त्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवरही त्यांचाच.

आत भिंतींवर संगमरवरी स्मारके आहेत. त्यांतले गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे स्मारक काशी आणि काठियावाडातली बालहत्येची प्रथा थांबवण्याच्या त्यांच्या प्रयत्नांची आठवण देते.

वऱ्हाडच्या कापसाशी काय नाते?

चर्चसमोरच्या मोकळ्या मैदानाला बॉम्बे ग्रीन म्हणत. तिथे निर्यातीच्या कापसाच्या गाठी रचल्या जात, म्हणून लोक त्याला ‘कॉटन ग्रीन’ म्हणू लागले. १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडातूनही बैलांच्या पाठीवर लादलेला कापूस व्यापारासाठी मुंबईला जाऊ लागला होता. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलला, पुढे शिवडीकडे गेला. नावही सोबत गेले. हार्बर लाईनवरचे कॉटन ग्रीन स्टेशन त्याचीच खूण. म्हणजे मुंबईतल्या दोन स्टेशनांच्या नावांचे मूळ या एकाच चर्चच्या परिसरात सापडते.

आपण यातून काय घ्यावे?

दरवाजा पाडला, मैदानाची बाग झाली, पण चर्च टिकले. कारण ते वापरात राहिले आणि त्याची दुरुस्ती होत गेली. आज ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे आणि तिथे नियमित प्रार्थना होते. इथल्या जतनाच्या कामाला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

दुरुस्ती मात्र समजून करावी लागते. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींतली ओल बाहेर पडावी लागते. वरून सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंट दिला की ओल आतच कोंडते आणि दगड-चुना भुसभुशीत होऊ लागतो. आपल्या गावातल्या हेमाडपंती मंदिराच्या जीर्णोद्धाराची वर्गणी गोळा होईल, तेव्हा रंगाचा डबा आणण्याआधी पुरातत्त्व खात्याचा किंवा जाणकाराचा सल्ला घेतलेला बरा. इमारत गेली तरी नाव राहते, हे चर्चगेटने दाखवले आहे. पण नुसत्या नावावरून पुढच्या पिढीला तिथे काय होते ते कळत नाही.