नाकावरचा फोड पिळू नका



नाकावर किंवा वरच्या ओठावर पुळी आली की नखाने पिळायची, ही सवय घरोघरी आहे. बहुतेक वेळा ती पुळी बसतेही. तरी ही जागा धोक्याची आहे.

डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाशी, दोन्ही बाजूंना अशुद्ध रक्ताची एकेक पोकळी असते. तिला कॅव्हर्नस सायनस म्हणतात. मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि डोळा फिरवणाऱ्या नसा तिथूनच जातात. चेहऱ्याच्या मधल्या भागातले रक्त डोळ्यांच्या शिरांतून तिथे पोहोचू शकते. त्यासोबत फोडातले जंतू गेले तर तिथे रक्ताची गुठळी होते. नाकाजवळच्या सायनसचा किंवा दाताचा संसर्गही तिथवर चढू शकतो.

२०२१ मध्ये कोरोनानंतर काळ्या बुरशीने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे आणि जीव घेतले. ती बुरशी नाकातून डोळ्याकडे आणि पुढे याच पोकळीपर्यंत पोहोचत होती. बहुतेकांची शुगर वाढलेली होती. बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळले होते. म्हणून शुगर असणाऱ्यांनी चेहऱ्यावरचा फोड अंगावर काढू नये.

ही लक्षणे ओळखा :

• जोराची डोकेदुखी, थंडी वाजून ताप
• पापणी सुजणे किंवा खाली पडणे, डोळा पुढे येणे
• एकाचे दोन दिसणे
• एका डोळ्याची सूज दुसऱ्या डोळ्यावर येणे. दोन्ही पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने असे होते.

अशा वेळी लेप, झाडपाला, अंगारा यांत दिवस घालवू नका. रोज बुडेल म्हणून उद्यावर ढकलू नका. १०८ ला फोन करून हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय गाठा. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले तर त्याच दिवशी निघा. शिरेतून अँटिबायोटिक काही आठवडे द्यावे लागते. ही औषधे येण्यापूर्वी असा रोगी क्वचितच वाचत असे. आज वेळेवर पोहोचलेले अनेक जण वाचतात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. मोठ्या उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. हे उपकार नाहीत, आपला हक्क आहे.

पुळी आलीच तर हात धुऊन कोमट पाण्याच्या स्वच्छ फडक्याने शेका, पिळू नका. रविवारी विहारात वंदनेनंतर पाच मिनिटे काढून ही माहिती सर्वांना वाचून दाखवा.