आधी पाणी, मग स्क्रू

मालवणचा दांडी किनारा. ऑगस्ट लागला आहे, १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी संपली आहे. समोर सिंधुदुर्गाचा तट पावसाने काळाभोर दिसतोय. कमरेएवढ्या पाण्यात दोघेजण फायबरच्या होडीची नाळ धरून उभे आहेत. जाळी चढवून झाली आहेत आणि मागचे ९.९ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन काही केल्या टिकत नाही.

“काका, चोक आत केलंय की बंद पडता,” होडीच्या मालकाचा मुलगा मिस्त्रींना सांगतो.

“स्क्रूक हात लावलंस?”

“नाय.”

“बरा केलंस. आधी पाणी बघूया.”

मुलगा दोरी ओढतो. इंजिन धरते. मिस्त्री आवाजाकडे लक्षच देत नाहीत. वाकून इंजिनाच्या मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार येते का ते बघतात. धार जोरात आहे, म्हणजे आतला इंपेलर पाणी चढवतोय. चोक आत जातो आणि इंजिन एक शिंक देऊन गप्प होते. मिस्त्री नळीवरचा रबरी फुगा दाबतात. तो कडक होतो आणि कडकच राहतो, म्हणजे नळी कुठे हवा ओढत नाही.

मग ते टाकीच्या तळातले पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढतात, बाटली माझ्या हातात देतात. थोड्याच वेळात दोन थर स्पष्ट दिसू लागतात. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला दमटपणा शोषते. पाणी फार झाले की ते पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. ऑईल राहते वरच्या पेट्रोलमध्ये, आणि टाकीतली नळी ओढते तळातून. टू-स्ट्रोकला वंगण मिळते ते इंधनातूनच. म्हणून हा खालचा थर इंजिनाच्या जिवावर उठणारा आहे. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा, हे प्रत्येक होडीवाल्याला ओरडून सांगावेसे वाटते.

कार्बोरेटर उघडतो. वाटीत पांढरट गाळ, स्लो जेट बुजलेला. मिस्त्री त्यात तार घालत नाहीत. भोक रुंदावले की मिश्रणाचे माप कायमचे बिघडते. जेट भिजवतात, फुंकतात, आभाळाकडे धरून डोळा लावतात. नवे पेट्रोल येते. लिटरला २० मिली ऑईल.

इंजिन सुरू होते आणि चालत राहते. तरीही स्क्रू ड्रायव्हर खिशातच. “गरम होवंदे.” थंड इंजिनावर लावलेले ट्यूनिंग गरम झाल्यावर उतरते. मग गिअर टाकून, पंखा पाण्यात फिरत असताना, ते कार्बोरेटरचा मिश्रणाचा स्क्रू केसभर फिरवतात, थांबतात, ऐकतात. आवाज चढतो, एकसारखा होतो. मुलाचा चेहरा उजळतो. मिस्त्री मात्र स्क्रू थोडा मागे घेतात आणि निळसर धूर दिसू लागतो.

“मगाशी झक्कास चलत होता!”

“पेट्रोल कमी, हवा जास्त होती. वायच धूर येवंदे. भायर पिस्टन धरलो तर वल्ही मारीत येशीत.”

ते एकदम थ्रॉटल देतात. इंजिन न अडखळता उचलते. नाळ सुटते, दोघे आत चढतात.

“सांजचो प्लग काढून दाखय,” मिस्त्री पाण्यातूनच ओरडतात. “तपकिरी असलो तर ठीक. पांढरो पडलो तर उद्या होडी काढू नको!”