भित्तिलंबी शौचपात्र
भित्तिलंबी शौचपात्र : जमिनीला न टेकविता भिंतीलगतच्या पोलादी चौकटीवर टांगलेले शौचपात्र. त्याची फ्लशची टाकी भिंतीच्या पोटात दडविलेली असते. बाहेर केवळ पात्र व दाबकळीची पट्टी दिसते. पात्राखालची फरशी मोकळी राहून सहज पुसता येते. स्वित्झर्लंडमधील गेबेरिट या कंपनीने अशी टाकी १९६४ मध्ये बाजारात आणली. भारतातील शहरी घरांत हा प्रकार बऱ्याच नंतर रूढ झाला.

पात्राचा व त्यावर बसणाऱ्याचा भार भिंत पेलते, असा समज आढळतो. वस्तुतः तो चौकटीने पेलावयाचा असतो. यूरोपीय मानकानुसार अशा पात्राची चाचणी सु. ४०० किग्रॅ. भाराखाली घेतात. आपल्याकडील सदनिकांतील आडभिंती बहुधा अर्ध्या विटेच्या, म्हणजे सु. ११ सेंमी. जाडीच्या असतात. टाकीची जाडी ८ ते १२ सेंमी. असल्याने अशी भिंत खोदून टाकी बसविणे धोक्याचे ठरते. त्यापेक्षा चौकट भिंतीपुढे उभी करून तिचे पाय काँक्रीटच्या लादीत बोल्टांनी पक्के करावेत, वरची टोके भिंतीला जखडावीत व पुढून कमरेइतकी विटांची आडभिंत घ्यावी. यात थोडी जागा जाते. पण वर सामान ठेवण्यास फळीसारखा कट्टा मिळतो.

बैठकीची उंची तयार फरशीपासून ४० ते ४३ सेंमी. ठेवतात. माप कच्च्या जमिनीपासून घेतल्यास फरशीच्या जाडीइतके पात्र खाली येते. ही चूक वारंवार घडते. पात्राच्या बोल्टांतील अंतर १८ किंवा २३ सेंमी. असते, ते आधीच जुळवून घ्यावे. पात्र व टाइल यांच्यामध्ये मऊ पट्टी घालतात. बोल्ट अवाजवी आवळल्यास चिनी मातीला तडा जातो.

टाइल लावण्यापूर्वी टाकी भरून अनेकदा फ्लश करावी व सर्व सांधे एक दिवस निरखावेत. हा एक दिवस वाचविण्याच्या घाईपायी पुढे अनेकांना नवी भिंत फोडावी लागली आहे.

दाबकळीच्या पट्टीमागील खिडकी हाच दुरुस्तीचा एकमेव मार्ग होय. आतील बंद करण्याची तोटी, तरंगगोळ्याची झडप व फ्लशची झडप या खिडकीतूनच काढता-घालता येतात. म्हणून पट्टी पांढऱ्या सिमेंटने कधीही बुजवू नये. विंधन विहिरीच्या जड पाण्याने रबरी वायसरवर क्षार साचतात व पात्रात पाण्याची बारीक धार अखंड वाहू लागते. ती दिसत नसल्यास टाकीत खाद्यरंग टाकावा. फ्लश न करता काही वेळाने पात्रातील पाणी रंगले, तर गळती निश्चित समजावी. मिनिटाला १०० मिलि. गळतीने दिवसाला १४४ लि. पाणी वाया जाते. ६ लिटरच्या २४ पूर्ण फ्लशांइतके हे पाणी होय. वायसर व्हिनेगरमध्ये भिजवून क्षार काढतात. संडास धुण्याचे तीव्र आम्ल मात्र टाकीत घालू नये, कारण ते रबर व धातू खाते. प्रवेशनळीतील जाळीत रेती अडकून टाकी सावकाश भरत असल्यास जाळी धुणे पुरते. टाकी बंद पडली, तरी पात्रात बादलीभर पाणी जोराने ओतून काम भागते.

प्रत्येक उत्पादकाच्या झडपा वेगळ्या असल्याने टाकीचा नमुना-क्रमांक पट्टीच्या आतील बाजूस लिहून ठेवावा.