यंत्र वर्गात, सूत्र गुरुजींच्या हाती

दुकानाच्या गल्ल्याशेजारी चिकटवलेला काळा-पांढरा चौकोन, म्हणजेच क्यूआर कोड, आज घरातील लहान मुलांच्याही परिचयाचा झाला आहे. १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. मालाच्या हिशेबासाठी जन्मास आलेले हे साधन पुढे सोलापूर जिल्ह्यातील एका लहानशा प्राथमिक शाळेत पोहोचले आणि त्याने पाठ्यपुस्तकाला वाचा दिली.

ही शाळा माढा तालुक्यातील परितेवाडीची, जिल्हा परिषदेची. २००९ साली रणजितसिंह डिसले तेथे शिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा गुरांचा गोठा आणि साठवणीची खोली यांच्यामध्ये शाळेची मोडकळीस आलेली इमारत उभी होती. अडचण केवळ इमारतीची नव्हती. अनेक मुलांच्या घरची भाषा कन्नड होती, त्यामुळे हातातील पुस्तकाची भाषा त्यांना परकी वाटत असे. डिसले यांनी प्रथम स्वतः कन्नड शिकून घेतली. नंतर पहिली ते चौथीच्या पुस्तकांची मुलांना समजेल अशी मांडणी केली आणि त्यांत क्यूआर कोड छापले. मोबाईल त्या चौकोनावर धरताच कविता ऐकू येई, गोष्ट सुरू होई, पाठाची चित्रफीत दिसे. ज्या घरात पुस्तक वाचून दाखवणारे कोणी नव्हते, त्या घरातही धडा बोलू लागला.

या प्रयोगातील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी मुलाची अडचण ओळखली गेली, मग शिक्षकाने स्वतः परिश्रम घेतले आणि यंत्र सर्वांत शेवटी आले. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यातील पाठ्यपुस्तकांत असे कोड देण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलर रकमेचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली.

यंत्राची पहिली उपयुक्तता आहे ती पुनरावृत्तीत. वर्गात एकदा सांगितलेले प्रत्येकालाच उमजते असे नाही, आणि पुन्हा विचारण्याचा संकोच अनेक मुलांना असतो. चित्रफीत मात्र दहा वेळा थांबवली, मागे नेली, तरी कंटाळत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील वुडलँड पार्क येथील जोनाथन बर्गमन व ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ च्या सुमारास आपले पाठ ध्वनिचित्रमुद्रित केले. खेळाच्या सामन्यांमुळे वर्ग बुडणाऱ्या विद्यार्थ्यांची सोय व्हावी, एवढाच मूळ हेतू होता. पुढे त्यांनी व्याख्यान घरी पाहायला दिले आणि वर्गातील वेळ शंकासमाधान व सराव यांसाठी मोकळा केला. यंत्राने शिक्षकाला बाजूला सारले नाही. उलट त्याला प्रत्येक विद्यार्थ्याजवळ जाण्यास अवसर दिला.

दुसरी उपयुक्तता आहे ती अदृश्य गोष्ट दृश्य करण्यात. सेल, तार आणि दिवा यांनी प्रकाश कसा पडतो, हे मुलांनी स्वतःच्या हातानेच करून पाहावे. त्यासाठी पडद्याची गरज नाही. परंतु तारेतून काय वाहते, हे डोळ्यांना दिसत नाही. नोबेल पारितोषिकप्राप्त शास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ या उपक्रमातील विनामूल्य प्रतिकृतींत तो प्रवाह हलताना दिसतो. आधी हाताने अनुभव आणि मग पडद्यावर उलगडा, असा संयोग साधणारा शिक्षक पाठाचे खरे सोने करतो.

तिसरी उपयुक्तता तत्काळ पडताळणीची. ‘समजले का?’ या प्रश्नाला सारा वर्ग ‘हो’ म्हणतो. खरे चित्र परीक्षेनंतर उघड होते. ‘प्लिकर्स’ या पद्धतीत प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळते. त्याच्या चार कडा म्हणजे चार पर्याय. मूल आपले उत्तर वरच्या कडेला येईल असे कार्ड धरते आणि शिक्षक आपला मोबाईल वर्गावरून फिरवतो. कोणाचे काय चुकले ते क्षणात कळते. प्रत्येकाच्या कार्डावरील आकृती निराळी असल्याने शेजाऱ्याचे उत्तर पाहून लिहिण्याची सोय उरत नाही आणि चुकणाऱ्याची फजितीही होत नाही. साऱ्या वर्गासाठी एक मोबाईल पुरतो.

या तिन्ही उदाहरणांत महागडी सामग्री नाही, पण कामाची जाण असलेला शिक्षक मात्र आहे. हा मुद्दा व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो. वडिलांच्या स्मरणार्थ शाळेला संगणक द्यावेत, मोठा फळा-पडदा बसवून द्यावा, अशी सद्भावना अनेक घरांत असते. समारंभ होतो, नामफलक लागतो. पण वर्षभराने तेच संच कुलूपबंद खोलीत धूळ खात पडलेले आढळतात. माल घेताना खप, देखभाल आणि परतावा यांचा हिशेब करणारी पेढी दान देताना मात्र तो विसरते. दानातही विवेक हवाच.

देणगीपूर्वी चार प्रश्न विचारावेत. शिक्षकांना मुलांची नेमकी कोणती अडचण दूर करायची आहे? हे साधन वापरण्याचे प्रशिक्षण त्यांना मिळणार आहे का? वीज वा इंटरनेट खंडित झाल्यास पाठ चालेल का? आणि दोन वर्षांनी दुरुस्तीचा खर्च कोण उचलणार? अनेक घरांत एकच मोबाईल असतो आणि तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात असतो, हेही विसरू नये. म्हणून पाठ शाळेतच साठवून ठेवण्याची व्यवस्था अनेकदा नव्या संगणकापेक्षा मोलाची ठरते.

शंभर रुपयांच्या दानातील साठ रुपये यंत्रासाठी आणि चाळीस रुपये शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी व देखभालीसाठी ठेवले, तर नामफलक कदाचित लहान होईल; पण ते यंत्र वर्गात चालत राहील. परितेवाडीत क्यूआर कोडआधी एका शिक्षकाने मुलांची भाषा शिकून घेतली होती. दात्यांनीही सामग्रीची यादी मागवण्याआधी त्या शाळेतील शिक्षकांशी तासभर बोलावे. दानाचा आरंभ तेथून झाला, तर त्याचे फळ मुलांच्या पदरात पडल्यावाचून राहणार नाही.