खुडूक: एका खुराड्याची चाळीस वर्षं

आमच्या घरात ‘खुडूक’ हा शब्द आजीने एका अर्थाने वापरला, आण्णांनी दुसऱ्या आणि मी तिसऱ्या. कोंबडी तीच: अंडी थांबवून पाटीत ठाण मांडणारी, जवळ हात नेला की पिसं फुलवून गुरगुरणारी.

1980 नंतरची ती वर्षं आजीच्या राज्याची. “खुडूक बसली म्हंजी पैका बसला,” असं ती म्हणायची. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालून रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसायला बघते, हे तिला पाठ. आठवड्याच्या आतली अंडी ती नाचणीच्या डब्यात राखून ठेवायची. पाटीत तळाला राख, म्हणजे पिसवा होत नाहीत. वर भाताचा पेंढा आणि त्यावर 11 किंवा 13 अंडी. विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून कडेला एक खिळा आणि कोळसा. खिळ्याने काय व्हायचं ते असो, राखेचं मात्र खरं होतं.

बसवायची ती दिवेलागणीला. मग 21 दिवस कोंबडी दिवसातून एकदाच उठणार: खाणं, पाणी, उग्र वासाची भली मोठी शीट, धुळीत एक लोळण, आणि पंधरा-वीस मिनिटांत परत पाटीत. तिच्या छातीची पिसं गळून कातडी उघडी पडायची. त्या उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना लागते. अंडी ती चोचीने स्वतःच फिरवायची. आजी चुलीमागच्या भिंतीवर रोज एक कोळशाची रेघ ओढायची. अठराव्या रेघेनंतर पाटीला कोणी हात लावायचा नाही. विसाव्या दिवशी कान लावला की कवचाआडून चिवचिव आणि वरून कोंबडीचं हळू ‘कुक कुक’, असा संवाद ऐकू यायचा.

शेजारणीकडे खुडूक नसली तर आजी आपली कोंबडी अर्धलीने द्यायची, पिल्लं निम्मी-निम्मी. पण हे सगळं रम्यच होतं असं नाही. दहा पिल्लांतली दोन घार न्यायची, दोन मुंगूस. आणि मानमोडीचा रोग आला की आख्ख्या गल्लीची खुराडी रिकामी व्हायची. त्यापुढे आजीकडे उपाय नव्हता.

नव्वदच्या दशकात आण्णांनी पांढऱ्या लेगहॉर्न आणल्या. पुण्यात 1971 साली बी. व्ही. राव यांनी हॅचरी सुरू केल्यानंतर कुक्कुटपालनाचा धंदा वाढत वाढत खेड्यांपर्यंत आला होता. आण्णांचा हिशोब सरळ होता: गावठी वर्षाला पन्नास-साठ अंडी देणार, लेगहॉर्न अडीचशेच्या वर. कारण ती खुडूक होतच नाही म्हटलं तरी चालेल. बसणाऱ्या कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या वगळत माणसाने तिच्यातून तो गुणच काढून टाकला. तीन आठवडे रवण, पुढे दोन महिने पिल्लं, म्हणजे जवळजवळ तीन महिने अंडं नाही! आण्णांच्या तोंडी खुडूक ही खोड झाली. राहिलेल्या गावठी कोंबड्यांची खुडूक मोडायला ते त्यांना पाण्यात बुडवून काढायचे, नाकपुडीत पीस घालायचे, नाहीतर उघड्या जमिनीवर डालग्याखाली कोंडायचे. आजी बघायची आणि काही न बोलता आत जायची. आण्णा चूक होते असं आजही म्हणवत नाही. शहरातल्या गरिबाच्या ताटात अंडं आलं ते याच हिशोबाने.

पण लेगहॉर्न विकतच्या खाद्यावर जगते. खाद्य महागलं, आणि 2006 च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू निघाला. आमचं गाव तिथून कुठल्या कुठे, तरी अंड्याला गिऱ्हाईक उरलं नाही. आण्णांनी पिंजरे विकले. उरल्या दोन-तीन गावठी कोंबड्या, उकिरड्यावर पोट भरणाऱ्या.

माझी पाळी आली तेव्हा मी शहाणपणाने 50 अंडी उबवायचं मशीन घेतलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला. आमची वीज पाच दिवस गेली, ती मशीनच्या पंधराव्या दिवशी. सगळी अंडी गेली. त्याच वेळी खुराड्यात एक गावठी, केवळ हुसकून हुसकून मी कंटाळलो म्हणून, 11 अंड्यांवर बसून होती. एकविसाव्या दिवशी तिच्या पंखांखालून 9 पिल्लं निघाली. एक अंडं गार होतं, एक पिल्लू कवचातच मेलं.

तेव्हापासून मी खुडूक शोधत फिरतो. बंगळूरची गिरिराजा, हैदराबादची वनराजा या सुधारित कोंबड्या परसात छान वाढतात, पण रवणीला बसायचं नाव सहसा काढत नाहीत. त्यांची अंडी मी गावठीखाली ठेवतो. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलची बॅटरी लावून बघतो: लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, नाहीतर काढायचं. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब. कुमाऊंतल्या राणीखेत गावाचं नाव लागलेल्या त्या मानमोडीवर आजीला हा थेंब मिळायला हवा होता.

बाकीचं कोंबडीवर सोडतो. दाणा सापडला की ती एका सुरात बोलावते, तो उचलून पिल्लांपुढे टाकते. आभाळात सावली दिसली की दुसरा सूर, आणि क्षणात अंगण रिकामं. बल्बखाली वाढलेल्या पिल्लांना ही हाक देणारं कोणी नसतं. दोन महिने झाले की हीच आई त्यांना टोचून दूर करते, तुरा पुन्हा लाल होतो, आणि अंडी सुरू.

दिवसांची नोंद मी मोबाईलवर ठेवतो. परवा पाटी जरा कोरड्यात सरकवावी म्हणून वाकलो, तर ओट्यावरून आण्णा म्हणाले, “आज अठरावा हाय. हात लावू नगं.” माझ्या नोंदीत सतरावा होता. बसवल्याची तारीख मीच चुकीची टिपली होती. आण्णांनी नुसतं चुलीमागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे कोळशाच्या अठरा रेघा होत्या.