मुठीत वाकायचे की नाही?

१९ जुलै १५४५ रोजी इंग्लंडच्या पोर्टस्मथ बंदराजवळ ‘मेरी रोज’ ही युद्धनौका बुडाली. तिच्या अवशेषांतून शंभराहून अधिक अखंड धनुष्ये वर आली. सगळी यू झाडाच्या लाकडाची, सरासरी दोन मीटरच्या आसपास लांब. ती पाहताना पहिला प्रश्न पडतो तो धरायचे कुठे, हा. वेगळी मूठ कोरलेलीच नाही. टोकांकडून जाड होत आलेले लाकूड मध्याशी सर्वांत जाड होते, एवढेच.

डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ मध्ये सापडलेले एल्मचे धनुष्य सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्या भुजा रुंद, चपट्या. मधोमध मात्र कंबर आवळावी तसे लाकूड अरुंद आणि जाड ठेवलेले. म्हणजे कोरलेली मूठ ही काही नंतरची सुधारणा नव्हे. दोन्ही वाटा जुन्याच, आणि धनुष्य घडवणाऱ्याला ओंडक्यावर पहिली रेघ मारण्यापूर्वी त्यांतली एक निवडावी लागते.

मूठही वाकू दिली तर ताण सबंध लांबीवर वाटला जातो, त्यामुळे आखूड धनुष्यही पुष्कळ ओढता येते. सातपुड्यातल्या भिलांच्या बांबूच्या तीरकामठ्यालाही मुठीसाठी वेगळा ठोकळा नसतो. पण धरलेली जागाच हलते, म्हणून बाण सुटताना हाताला झटका बसतो.

मूठ ताठ ठेवली तर पकड स्थिर, पण लांबी खर्ची पडते. १७० सेंटिमीटरच्या धनुष्यात १० सेंटिमीटरची पकड आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटरचे उतार सोडले, की वाकायला दीडशेच उरतात. ती तूट धनुष्य लांब करून किंवा भुजा रुंद करून भरावी लागते. अमेरिकेत १९३०च्या दशकात हिकमन, क्लॉपस्टेग यांसारख्या भौतिकशास्त्राच्या अभ्यासकांनी धनुष्य मोजून-मापून पाहिले. तिथल्या रुंद, चपट्या भुजांच्या धनुष्यांना अशी ताठ मूठ शोभली.

इथे लाकडाचे एक गणित कारागिराच्या मदतीला येते. ताठपणा रुंदीच्या पटीत बदलतो, पण जाडीच्या घनाच्या पटीत. मुठीशी रुंदी निम्मी आणि जाडी दुप्पट केली, तर ताठपणा चौपट होतो. पुरेशी जाड फळी नसेल तर पोटाच्या, म्हणजे धनुर्धराकडे येणाऱ्या, बाजूने ठोकळा चिकटवतात. पुष्कळ जण फसतात ते इथेच. ठोकळ्याखालची फळी वाकत राहिली तर ताठ ठोकळा तिच्या मागे जाऊ शकत नाही. कडेचा सांधा उघडतो आणि एक दिवस ठोकळा ताडकन उडतो. दोष सरसाचा नसतो, घाईने संपवलेल्या उताराचा असतो.

मूठ अरुंद करण्याला आणखी एक कारण आहे. बाण धनुष्याच्या कडेने जातो, दोरी मात्र मध्याकडे धावते. त्यामुळे बाणाला मुठीला वळसा घालत, लवत निघावे लागते. मूठ जितकी रुंद, तितकी बाणाच्या लवचिकपणाची निवड अवघड.

शेवटचा पेच जागेचा. मधल्या बिंदूवर हात आणि बाण दोघांनाही बसता येत नाही. बाण मध्याजवळ आणायचा तर हात खाली सरकतो. मग खालची भुजा आखूड पडते आणि तिचा वाक वेगळा साधावा लागतो. जपानी ‘युमी’ने हा पेच आपल्या पद्धतीने सोडवला: दोन मीटरहून लांब धनुष्याची मूठ खालून साधारण एक-तृतीयांशावर.

अमरकोशाने धनुष्याच्या मध्याला ‘लस्तक’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. ‘मेरी रोज’च्या कारागिरांनी मूठ कोरली नाही, पण अनेक धनुष्यांच्या मध्याजवळ टोचून केलेल्या बारीक खुणा आढळतात. त्यांचा नेमका अर्थ काहीही असो, धनुष्य हातात घेणाऱ्याचा अंगठा तिथेच आसपास टेकत असणार.